आपद्ग्रस्ताला आवाज हवा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्राचा तळ हादरला. त्या भूकंपाने उसळलेल्या लाटा आधी अंदमान-निकोबार बेटांवर आदळल्या आणि सुमारे अडीच तासांनी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचल्या. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे त्यात मरण पावली. अडीच तास हा काही थोडा अवधी नव्हे. नागपट्टणमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळ्याला बायकापोरांसह पाण्यापासून दूर जाण्यास अर्धा तासही पुरेसा होता. परंतु बेटांवर काय घडले हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. कार निकोबार येथील हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला होता, दूरध्वनी मुके झाले होते, आणि जी काही माहिती दिल्लीत किंवा चेन्नईत पोहोचली ती किनाऱ्यापर्यंत उतरली नाही. माणसे लाटेने मेली हे खरे. त्यांतील पुष्कळशी निरोप न पोहोचल्यामुळे मेली, हेही तितकेच खरे.

त्याच सकाळी पोर्ट ब्लेअरमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबरच्या आरंभापासून तेथे मुक्कामाला होते. दूरच्या बेटावर केंद्र उभारून जगभरच्या हौशी बिनतारी चालकांशी संपर्क साधावयाचा, एवढाच त्या मोहिमेचा हेतू. १९८७ नंतर या बेटांवरून अशा केंद्राला परवानगीच मिळाली नव्हती. संरक्षणाचे कारण पुढे केले जात असे. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर ती मिळाली होती. भूकंपाचे धक्के बसले, वीज गेली, दूरध्वनी बंद पडले, तेव्हा या पथकाने आपला छंद बाजूला ठेवला आणि त्याच यंत्रावरून मुख्य भूमीला निरोप देण्यास सुरुवात केली. पुढील दिवसांत कोण जिवंत आहे, कोण बेपत्ता आहे, कोठे काय हवे आहे, हे निरोप या केंद्रावरून जात-येत राहिले. पथकातील काही जण यंत्र घेऊन कार निकोबारला गेले आणि तेथून पोर्ट ब्लेअरशी दुवा जोडला गेला. जे काम कोट्यवधींच्या यंत्रणेला तत्काळ करता आले नाही, ते मूठभर नागरिकांनी एक तारेचा तुकडा आणि एक बॅटरी यांच्या बळावर केले.

या प्रसंगाचे पुष्कळ कौतुक झाले, ते योग्यच होते. पण त्यातून घ्यावयाचा धडा कौतुकात हरवू नये. ते केंद्र तेथे योगायोगाने होते. परवानगी महिनाभर लांबली असती किंवा मोहीम आठवडाभर आधी आटोपली असती, तर तेही नसते. एका छंदाची तारीख आणि एका संहाराची तारीख जुळून आली, यावर कोणत्याही समाजाचे आपत्ती-नियोजन उभे राहू शकत नाही. म्हणूनच हौशी बिनतारीचा प्रश्न काही थोड्या छांदिष्टांचा नसून सार्वजनिक धोरणाचा आहे.

हे साधन काय आहे

हौशी बिनतारी, ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात, हे दुतर्फी संभाषणाचे साधन आहे. आकाशवाणीवर एक बोलतो आणि लाखो ऐकतात. येथे जो ऐकतो तो उत्तरही देऊ शकतो. परवानाधारक परीक्षा देतो, त्याला स्वतःचे बोधचिन्ह मिळते, आणि ठरवून दिलेल्या लहरींवर त्याला बोलता येते. या कामाचा मोबदला घेण्यास मनाई आहे. व्यापारी निरोप, बातम्यांचे प्रक्षेपण, राजकीय प्रचार यांनाही येथे स्थान नाही. हे बंधन पक्षकार्यकर्त्यांनी आधीच नीट समजून घेतलेले बरे.

या साधनाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. मोबाईलवर शेजारच्या गावाशी बोलावयाचे झाले तरी आवाज आधी मनोऱ्याकडे जातो, मनोऱ्यावरून तारेने किंवा लहरींनी केंद्राकडे, आणि तेथून पुन्हा उलट वाटेने. या साखळीतील प्रत्येक कडीला वीज लागते. मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते, जनित्राला डिझेल लागते, डिझेलला रस्ता लागतो. आणि आपत्तीत सर्वप्रथम वीज व रस्ता हेच जातात. याउलट तीन ते तीस मेगाहर्ट्झ या टापूतील लहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो, हजारो किलोमीटर जातात. पाठवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कंपनी नाही, मनोरा नाही, केबल नाही. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, दोन झाडांमध्ये ताणलेली तार आणि जाणता माणूस एवढ्यावर केंद्र उभे राहते. जवळच्या अंतरासाठी हातातला संच पुरतो आणि डोंगरावरील एखादा पुनर्प्रक्षेपक तालुक्याचा तालुका जोडू शकतो.

भारतातील हौशी चालकांनी १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात आणि २००१ च्या भुज येथील भूकंपात हे सिद्ध केले आहे. पश्चिम बंगालमधील चालक गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या माणसांना त्यांच्या घरी पोहोचविण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. या दुसऱ्या उदाहरणाचे महत्त्व अधिक आहे. गर्दीत, गोंगाटात निरोप अचूक घेणे आणि अचूक देणे ही सवय शांततेच्या काळातच लागते. आपत्ती ही शिकण्याची वेळ नव्हे.

बाजाराचा हिशेब आणि वाईट दिवस

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे बाजाराची एक मूलभूत उणीव दिसते. दळणवळणाची कोणतीही खाजगी कंपनी आपले जाळे रोजच्या ग्राहकसंख्येच्या हिशेबाने विणते. जेथे ग्राहक दाट तेथे मनोरे दाट. जेथे वस्ती विरळ आणि गरीब तेथे एखादा मनोरा किंवा तोही नाही. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळासाठी चार दिवसांची बॅटरी, दुसरा मार्ग, पर्यायी केंद्र ठेवणे हा कंपनीच्या वहीत निव्वळ खर्च असतो. एखादी गोष्ट बहुतेक दिवस निरुपयोगी दिसते आणि एका दिवशी अमूल्य ठरते, तिची किंमत बाजाराला ठरविता येत नाही. अग्निशामक दलाचे, देवीच्या लसीचे, धरणाच्या सांडव्याचे जे अर्थशास्त्र, तेच संकटकालीन संदेशवहनाचे अर्थशास्त्र होय.

जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटावर धडकले. या बेटातील नागरिक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना अध्यक्षपदासाठी मतदान करता येत नाही. वादळाने संपूर्ण वीजजाळे कोसळले आणि ९५ टक्क्यांहून अधिक मोबाईल मनोरे बंद पडले. तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसने हौशी चालकांच्या राष्ट्रीय संघटनेकडे माणसे मागितली आणि बावीस स्वयंसेवक आपली यंत्रे घेऊन बेटावर गेले. बेटावरील स्थानिक चालक तर पहिल्या दिवसापासूनच कामाला लागले होते. या वादळातील मृतांचा सरकारी आकडा दीर्घकाळ ६४ राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये अभ्यासान्ती तो २,९७५ असा मान्य करण्यात आला. ज्या गावाचा आवाज राजधानीपर्यंत जात नाही, त्या गावातील मृत्यूही मोजणीत येत नाही, याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागणार नाही.

बाजाराच्या मूल्यमापनाविषयी हौशी बिनतारीच्या इतिहासातच एक बोलका पुरावा आहे. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेत हौशी मंडळींना दोनशे मीटरपेक्षा लांब लहरी वापरण्यास बंदी झाली. त्याहून आखूड लहरी दूरच्या संदेशवहनासाठी निरुपयोगी, असे त्या वेळच्या तज्ज्ञांचे व कंपन्यांचे मत होते. म्हणून हा टाकाऊ तुकडा हौशांच्या पदरात पडला. डिसेंबर १९२१ मध्ये त्याच टापूतून अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये ऐकले गेले, आणि १९२३ मध्ये तर त्याहून आखूड लहरींवर महासागरापार दुतर्फी संभाषण झाले. ज्याला बाजाराने कवडीमोल ठरविले त्याचे मोल बिनमोबदला श्रमाने जगाला दाखवून दिले. त्यानंतर मात्र त्या लहरींवर हक्क सांगण्यासाठी कंपन्या आणि सरकारे यांची रीघ लागली. गायरान आधी पडीक म्हणून सोडून द्यावयाचे आणि गावाने ते हिरवे केले की त्याला कुंपण घालावयाचे, ही रीत केवळ जमिनीपुरती नाही.

राज्यकर्त्यांचा संशय

बाजार ज्याला किंमत देत नाही ते काम राज्यसंस्थेने जोपासावे अशी अपेक्षा असते. पण या बाबतीत आपल्या राज्यसंस्थेने नागरिकाकडे संशयाने पाहिले. हा संशय इंग्रजी राजवटीचा वारसा आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांचा गाभा एकच होता : संदेशवहन हा सरकारचा अधिकार, आणि नागरिकाला मिळते ती केवळ सवलत. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि यंत्रे सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले.

त्या बंदीला या मुंबईनेच उत्तर दिले. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे भूमिगत केंद्र सुरू केले; डॉ. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन आणि त्यांचा आवाज त्याला लाभला. पोलिसांना चुकवीत जागा बदलत ते केंद्र चालले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडून ते बंद झाले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ते प्रचाराचे केंद्र होते, हौशी केंद्र नव्हते, हा फरक खरा. तथापि लहरींवर सत्तेची मक्तेदारी असावी की जनतेचा अधिकार, हा प्रश्न त्या बावीस वर्षांच्या मुलीने कृतीने विचारला होता. समाजवादी चळवळीला तो परका नाही.

त्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळण्यास १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ९ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या प्रमुख निकालपत्रात, हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्वाळा दिला. पुढे या लहरींचे लिलाव झाले, सरकारच्या तिजोरीत प्रचंड रकमा आल्या, आणि कंपन्यांनी त्या लहरींवर साम्राज्ये उभारली. मालमत्ता सार्वजनिक, लिलाव सरकारचा, नफा कंपनीचा. मग मालक असलेल्या जनतेच्या वाट्याला संकटाच्या दिवशी काय येते? बंद पडलेला मोबाईल.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आता उपग्रह आहेत, मोबाईलवर धोक्याच्या सूचना आपोआप येतात. मग ही जुनी विद्या कशाला? सूचना येतात हे स्वागतार्हच आहे. २००४ मध्ये ती सोय असती तर हजारो प्राण वाचले असते. पण या सूचना वरून खाली येतात. दरड कोसळल्यानंतर, गाव पाण्याने वेढल्यानंतर खालून वर बोलण्याची गरज असते : किती माणसे अडकली, कोणत्या बाजूने होडी येऊ शकते, कोणते औषध हवे. राज्यसंस्थेला बोलण्याची साधने पुष्कळ आहेत; आपद्ग्रस्ताला नाहीत. उपग्रह-दूरध्वनी महाग आहे, त्याच्या वापरावर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत, आणि उपग्रहांचे जे नवे जाळे आकाशात पसरले आहे त्याची कळ परदेशी खाजगी कंपनीच्या हातात आहे. संकटकाळचा आवाज दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणे हे स्वावलंबनाचे लक्षण नव्हे.

खालून वर जाणाऱ्या माहितीचे मोल हवामानशास्त्रज्ञही जाणतात. १९६५ मधील ‘बेट्सी’ या चक्रीवादळाच्या वेळी अमेरिकेत हौशी चालकांचे एक खास वादळ-जाळे सुरू झाले. ते आजही चालू आहे. वादळाच्या मार्गातील बेटांवरचे चालक वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, पावसाचे मान कळवितात आणि ती निरीक्षणे मायामी येथील वादळ-केंद्राकडे जातात. क्यूबातही हौशी चालकांची देशव्यापी संघटना नागरी संरक्षण यंत्रणेशी जोडलेली आहे. तेथील एकपक्षीय राजवटीचे समर्थन करण्याचे लोकशाही समाजवाद्यांना कारण नाही. पण सामान्य नागरिकाचे कौशल्य आपत्ती-नियोजनाचा अधिकृत भाग होऊ शकते, एवढे त्या अनुभवातून अवश्य घ्यावे.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. हा छंद सुखवस्तूंचा आहे, असे म्हणतात. यात तथ्य आहे. यंत्रे महाग, परीक्षेची भाषा परकी, परवान्याच्या चौकशीत महिनोन् महिने जात. परिणामी ही विद्या शहरी, सुशिक्षित आणि बहुतांशी पुरुषवर्गापुरती राहिली. अमेरिकेत परवानाधारकांची संख्या सात लाखांवर आहे. तिच्या चौपट लोकसंख्येच्या भारतात ती हजारांतच मोजावी लागते. ज्यांना या साधनाची सर्वाधिक गरज आहे, तो किनाऱ्यावरचा मच्छीमार, दरडीखालच्या वाडीतला शेतमजूर, नदीकाठचा भूमिहीन यांच्या हाती ते नाही. परंतु एखादे साधन आज मूठभरांच्या हाती आहे, म्हणून ते टाकून द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. अक्षरज्ञानही एके काळी मूठभरांच्याच हाती होते. फुले दांपत्याने त्यावर शाळा काढण्याचा उपाय केला.

याच संदर्भात एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. स्वयंसेवकांचे गोडवे गाऊन स्वतःची जबाबदारी झटकणे ही आजच्या शासनाची सवय झाली आहे. हौशी चालक हा पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेला, सार्वजनिक दूरसंचार सेवेला, हवामान खात्याला पर्याय नव्हे. मोबदला न घेणारा माणूस उपलब्ध आहे म्हणून पगारी पदे रिकामी ठेवणे हा त्या सेवाभावाचा अपमान होय. त्याचे स्थान शेवटच्या फळीचे आहे. पहिल्या फळ्या भक्कम ठेवणे हे सरकारचे कर्तव्यच राहते.

कार्यकर्त्यांपुढील काम

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा देशाच्या आर्थिक राजधानीतील लाखो माणसांना घरी निरोप देता आला नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील गावे कित्येक दिवस विजेवाचून आणि संपर्कावाचून होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर घरांवर आला. त्या भागात रस्ते, वीज आणि मोबाईल यांनी एकदमच दगा दिला. प्रत्येक वेळी चौकशा झाल्या, मदतीचे आकडे जाहीर झाले. गावाला बोलते ठेवण्याचा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला.

यासाठी मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. किनारपट्टी, पूरप्रवण नदीकाठ आणि दरडींचा डोंगराळ प्रदेश येथील प्रत्येक तालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था, महाविद्यालय किंवा जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा यांच्या आश्रयाने एक सामुदायिक केंद्र असावे. यंत्र व्यक्तीच्या मालकीचे नसावे, संस्थेचे असावे. त्याला बॅटरीची आणि सौर तावदानाची जोड असावी. परवाना-परीक्षा मराठीतून देता यावी आणि मच्छीमार सहकारी संस्था, महिला बचत गट, आदिवासी आश्रमशाळा यांतील तरुण-तरुणींना तिची तयारी विनामूल्य करून द्यावी. जिल्हा आपत्ती आराखड्यात या केंद्रांची नोंद असावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मोबाईल बंद आहेत असे समजून, एक दिवस प्रत्यक्ष सराव व्हावा. लहरींच्या लिलावातून सरकारला जे मिळते, त्यातील अत्यल्प अंशही या सर्व खर्चाला पुरून उरेल.

काही काम मात्र सरकारची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी आणि श्रमदानाच्या शिबिरांनी एका पिढीला विहीर खणायला, रस्ता बांधायला, साथीच्या काळात रुग्णांजवळ बसायला शिकविले. त्याच शिस्तीत आजच्या शिबिरार्थीला निरोप घेणे, तो जसाच्या तसा लिहून काढणे, कमीत कमी शब्दांत पुढे देणे हे शिकविता येईल. हे कौशल्य क्षुल्लक वाटते. परंतु ‘तिकडे फार वाईट अवस्था आहे’ आणि ‘खालच्या वाडीत एकोणीस माणसे, त्यांत दोन गरोदर स्त्रिया, उत्तरेकडील पायवाट चालू’ या दोन निरोपांत मृत्यू आणि जीवन यांचे अंतर असते. परवाना घेतलेल्या कार्यकर्त्याने त्या यंत्रावर पक्षाचे नाव काढू नये. तेथे त्याची ओळख त्याच्या बोधचिन्हापुरतीच असते, आणि निरोप शत्रूचा असला तरी तो तितक्याच काळजीने पोहोचवावयाचा असतो.

समतेच्या चळवळीने अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण यांचे हक्क मागितले. त्यांच्या पंक्तीत, संकटाच्या क्षणी आपला आवाज दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचविण्याचा हक्कही आता बसला पाहिजे. पोर्ट ब्लेअरला तो योगायोगाने मिळाला. तळीयेच्या, नागपट्टणमच्या, कार निकोबारच्या माणसाला तो नियोजनाने मिळावा, यासाठी पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन एकच प्रश्न विचारावा : उद्या मनोरे पडले, तर या जिल्ह्यातील शेवटचे गाव कुणाशी आणि कशाने बोलणार आहे?